दर पावसाळ्यात कासवाचं नाक वाहतं? इंजेक्शनाबरोबर पेटीही तपासा

नाकपुडीवर एक बारीकसा बुडबुडा. कासव श्वास सोडतं तेव्हा तो फुगतो, आत घेतं तेव्हा बसतो. काल घातलेली जास्वंदीची पानं तशीच पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि एरवी झाकणाचा आवाज आला की लगबगीने पुढे येणारा प्राणी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला. घरात जमिनीवरचं कासव सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांनी पावसाळ्यात हे पाहिलेलं असतं. गोव्यात फोंड्याला आमच्या घरी आम्ही दोन वर्षांत चार वेळा पाहिलं.

चारही वेळा डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शनं झाली, आठ-दहा दिवसांत नाक कोरडं पडलं, दगडू, म्हणजे आमचं कासव, खायला लागला, सगळ्यांच्या जिवात जीव आला. आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की औषध आपलं काम चोख करतंय, पण बऱ्या झालेल्या जिवाला आम्ही पुन्हा त्याच पेटीत नेऊन ठेवतोय. म्हणून इथे औषधाबद्दल थोडं आणि पेटीबद्दल बरंच आहे. आमच्या घरी एकेक गोष्ट जशी उलगडत गेली तशी लिहितो.

कासव कुठलं, ते आधी बघा

मराठीत आपल्याकडे शब्द एकच. विहिरीत सोडलेलं ते कासव, मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येतं तेही कासव, आणि देवळात गाभाऱ्यासमोरच्या फरशीत कोरलेलं असतं तेही कासवच. शब्द एक असल्यामुळे जमिनीवरच्या कासवाला माशांच्या टाकीत चार बोटं पाणी घालून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, ते बुडतं. ओळखायचं तर पाय बघा. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो. जमिनीवरच्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे, जाड खांबासारखे असतात. खाली जे लिहिलंय ते फक्त या दुसऱ्यासाठी.

दगडू आफ्रिकन सुलकाटा जातीचा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल नावाचा जो कोरडा पट्टा आहे, तिथली ही जात. माझा मावसभाऊ आखातात नोकरीला गेला, तेव्हा त्याने तो कागदपत्रांसह आमच्याकडे दिला. कागदपत्रांचा उल्लेख मुद्दाम करतोय. परदेशी जातीच्या अशा प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार परिवेश 2.0 या सरकारी पोर्टलवर करावी लागते. आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं भारतीय तारा कासव असेल, तर ते घरात ठेवणंच गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि 2019 साली आंतरराष्ट्रीय व्यापारासाठीही त्याला सर्वांत कडक यादीत घातलं गेलं. भरभराट होते म्हणून कुणी भेट दिलं असेल तर पेटी बांधत बसू नका, वनखात्याला कळवून त्यांच्या ताब्यात द्या. रानात नेऊन सोडू नका. कोरड्या माळावरचा तो प्राणी, आपल्या पावसात त्याचे हालच होतील.

डॉक्टरकडे कधी धावायचं

कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. त्यामुळे त्याला खोकून छातीतला कफ बाहेर काढता येत नाही, आत साठलेलं पाणी तिथेच राहतं. म्हणूनच आज नाक वाहतंय आणि चार दिवसांनी न्यूमोनिया, असं होऊ शकतं. मान ताणून, तोंड उघडून श्वास घेत असेल, श्वासाबरोबर शिट्टीसारखा किंवा टिकटिक आवाज येत असेल, किंवा मान खाली टाकून पडून असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाताना त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात घाला, शेजारी कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे वाटेत गार पडणार नाही. झाकणाला श्वासापुरती भोकं पाडायला विसरू नका.

सगळ्याच डॉक्टरांकडे कासवं नेहमी येत नाहीत. गुरंढोरं आणि कुत्री-मांजरी तपासणाऱ्या चांगल्या डॉक्टरलाही त्यांची सवय नसते. म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा आणि न लाजता बोला : याला आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. जंतांवर आणि गोचिडांवर सर्रास वापरलं जाणारं हे औषध कासवांच्या जिवावर बेतू शकतं. डोळे सुजले म्हणून अंदाजाने ‘अ’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देणंही धोक्याचं. मात्रा जास्त झाली की कातडी सोलून निघते.

वहीतल्या तारखा

चौथ्या आजारानंतर मी जुनी बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि फोनमधले फोटो काढून तारखा एका वहीत लिहिल्या. आमचं निदान खरं तिथून सुरू झालं. दोन्ही वर्षी पहिला आजार जूनच्या मध्यावर. दोन्ही वर्षी दुसरा गणेशचवथीच्या पुढच्या आठवड्यात.

जूनचं कारण लवकर सापडलं. मे संपेपर्यंत दगडू रोज सकाळी दोन-तीन तास पोरसात, म्हणजे घरामागच्या बागेत, उन्हात फिरायचा. पाऊस सुरू झाला की तो घरात आला, म्हणजे ऊन एका दिवसात बंद. पेटीतल्या दिव्यांमध्ये काय उणं आहे हे मेपर्यंत उन्हाने झाकून ठेवलं होतं, ते जूनमध्ये उघडं पडलं.

चवथीचं कोडं मात्र काही दिवस सुटेना. मग एकदा सहज आईशी बोलताना उलगडलं. आमच्याकडे गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधायची म्हणून बाहेरची खोली रिकामी केली जाते. दगडूची पेटी त्या खोलीतच असायची, ती उचलून मागच्या पडवीत जायची. पडवीला एका बाजूने नुसती जाळी. विसर्जन होऊन माटोळी उतरेपर्यंत पेटी तिथेच. रात्री पावसाची झड आत येते, हवा गार होते, आणि पेटीतला दिवा खोलीत जितकी ऊब देतो तितकी तिथे देऊ शकत नाही. देव घरी आल्याच्या आनंदात आम्ही दगडूला पाच-सात रात्री गारठ्यात ठेवत होतो. ते कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तुमच्याकडेही आजार परत येत असेल तर पहिलं काम हेच. तारखा मांडा आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घरात काय बदललं ते आठवा. पेटीची जागा, पंखा, दिवा, गावाला जाणं, वीज जाणं, पेटीच्या तळाला घातलेला नवीन भुसा. कासव हळू जगतं, म्हणून कारण आणि परिणाम यांच्यात बऱ्याचदा आठवडाभराचं अंतर असतं. आपण मात्र फक्त कालचा दिवस आठवतो.

आईचा हात आणि माझा थर्मामीटर

आता मुख्य गोष्ट. पेटीत थर्मामीटर होता. गोल, काचेला चिकटवायचा, काटा नेहमी 29 वर. दुकानदाराने 28 ते 30 सांगितलं होतं, म्हणून मी निश्चिंत. एका सकाळी आई दगडूला दुर्वा घालायला गेली आणि तिने हाक मारली, “ताच्या फाटीक हात लावून पळय रे, थंडगार लागता.” (त्याच्या पाठीला हात लावून बघ रे, थंडगार लागते.) मी काटा दाखवला. ती म्हणाली, काटा भिंतीला लावलाय, जनावर खाली आहे.

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मी इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, कपाळावर धरून ताप बघतात त्या जातीचा, पण वस्तूंचं तापमान मोजणारा. कपाळावरचा चालत नाही, तो माणसाच्या तापाच्या हिशोबाने आकडा दाखवतो. सकाळी साडेसातला मोजलं. दिव्याजवळची काच 30, भुशाचा वरचा थर 25, भुसा उकरून खाली 24, आणि दगडूची पाठ 24.5. रात्रभर तो एका गार ओल्या गादीवर पोट टेकून झोपला होता.

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. पचन, भूक आणि रोगाशी लढायची ताकद, सगळं त्या उबेवर चालतं. अंग 24 अंशांवर राहिलं की हे सगळं मंदावतं. नाकातले जंतू मंदावत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सुलकाटा वाळवंटाच्या काठचा, म्हणून त्याला ओल चालत नाही, असं समजून लोक पेटी ठणठणीत कोरडी ठेवतात. मोठ्या कासवाचं भागून जाईल, पण पिल्लाचं त्याने नुकसान होतं. रानात ही जात जमिनीत बिळं खणते आणि कोरड्या ऋतूत दिवसाचा बराच वेळ त्या दमट बिळात काढते. पाठीवरचे खवले पिरॅमिडसारखे उंच वाढतात ते जास्त प्रथिनांमुळे, असं पूर्वी मानत. 2003 साली याच जातीच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतली कोरड जास्त जबाबदार आहे. तेव्हा ओल नको, असं नाही. ऊब असेल तर ओल चालते, हवीच असते. ओल आणि गारठा एकत्र आले की आजार. पणजीला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत घरातली ओल आपल्या हातात नसते. हातात असते ती फक्त ऊब.

आम्ही आता हे आकडे पाळतो. दिव्याखालच्या उन्हाच्या जागेला पाठीच्या उंचीवर 35 ते 38 अंश. त्या बाजूची हवा 30-32. दुसऱ्या टोकाला 27. रात्री कुठेही 26 च्या खाली नाही. आणि हे सगळं मोजायचं ते कासवाच्या पाठीच्या उंचीला आणि भुशात, भिंतीवर नाही. शक्य तर दोन वेळी मोजा : दिवे लागायच्या आधी आणि दुपारी. सगळ्यात खरं सांगणारा आकडा पहाटेचा.

काचेच्या टाकीची अडचण

दगडू आला तेव्हा तळहाताएवढा होता, आणि आम्ही त्याला तीन फुटी माशांच्या टाकीत ठेवलं. जवळजवळ सगळे तेच करतात. काचेतून पलीकडचं दिसतं, मग कासव तासन्‌तास काचेला ढुशा देत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात राहतं. काच म्हणजे काय ते त्याला कळत नाही. त्यात टाकी उंच आणि अरुंद, खालची हवा हलत नाही. मुताचा उग्र वास खालीच साचतो आणि नाक-फुप्फुसं चुरचुरवतो. आपण वरून वाकून बघतो तेव्हा वास येत नाही. एकदा तोंड आत घालून, कासवाच्या नाकाच्या उंचीवर एक श्वास घेऊन बघा.

आम्ही आमच्या नेहमीच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, लाकडी पेटी करून घेतली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. साधं प्लाय आपल्या हवेत एका पावसात फुगतं आणि दुसऱ्यात वाळवी धरते, म्हणून 18 मिलिमीटरचं मरीन प्लाय घेतलं. आतून पाणी न शिरणाऱ्या एपॉक्सीचे दोन हात दिले, सांधे मत्स्यटाकीला वापरतात त्या सिलिकॉनने भरले. बुरशीनाशक घातलेलं न्हाणीघराचं सिलिकॉन नको. हे सगळं वाळून वास पूर्ण जाईपर्यंत पंधरा दिवस पेटी उघडी ठेवली. मेस्त म्हणाला, “आजच घाला, काय होत नाही.” मी त्याचं ऐकलं नाही, आणि तुम्हीही ऐकू नका.

दोन गोष्टी मेस्ताला नीट समजावून सांगाव्या लागल्या. एक, वर झाकण हवं. पुष्कळ ठिकाणी उघडं टेबल चांगलं असं वाचायला मिळतं, आणि कोरड्या हवेच्या देशांतल्या लहान जातींना ते ठीकही असेल. आपल्या पावसाळ्यात उघड्या पेटीतून ऊब सरळ छताला जाते. आम्ही वर दोन पॉलिकार्बोनेटची सरकती झाकणं बसवली, दिवे झाकणाच्या आत. दुसरं, हवा खेळती हवी. गार टोकाला खालच्या बाजूने भोकांची ओळ, उबदार टोकाला वरच्या बाजूने दुसरी. गरम हवा वरून बाहेर जाते आणि खालून ताजी आत येते, झोत लागत नाही. भोकांना आतून बारीक स्टीलची जाळी, नाहीतर पाली आणि उंदीर शिरतात. झोपलेल्या कासवाला उंदीर कुरतडतो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

दिवे : इथेच बहुतेकांची चूक होते

जूनचा आजार दिव्यांमुळे होता. आमच्याकडे वळ्यावळ्यांचा एक छोटा यूव्हीबी (उन्हात असतात तसे अतिनील किरण देणारा) बल्ब होता, तोही झाकणाच्या काचेवर ठेवलेला. काचेतून यूव्हीबी किरण जवळजवळ जातच नाहीत. म्हणजे वर्षभर तो नुसता उजेड देत होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तेच, तावदान बंद असेल तर त्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही. यूव्हीबी नसेल तर कासवाच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही आणि कवच मऊ होतं.

आता पेटीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश भागावर टी-5, म्हणजे बारीक नळीची, यूव्हीबी ट्यूब आहे, मागे परावर्तक पत्रा. ट्यूबच्या खोक्यावर अंतराचा तक्ता असतो. आमची पाठीपासून 40 सेंटिमीटरवर आहे, मध्ये काच नाही, जाळी नाही. बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. ट्यूब उजेड देत राहते पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून बसवल्याची तारीख मार्करने तिच्या टोकावर लिहा आणि वर्षाने बदला. आम्ही मे अखेरीस बदलतो, म्हणजे ऊन जायच्या दिवसांत ती नवी असते.

उन्हाच्या जागेसाठी पसरट झोताचे दोन हॅलोजन शेजारी शेजारी. एकच टोकदार झोताचा दिवा पाठीच्या मधोमध एक ठिपका भाजतो आणि पोट-पाय गारच राहतात. सकाळी 7 ते संध्याकाळी 7, टायमरवर.

रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, 100 वॅटचा, थर्मोस्टॅटला (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राला) जोडलेला. लाल-निळे ‘रात्रीचे दिवे’ दुकानात मिळतात ते घेऊ नका, कासवाला रात्री अंधारच हवा. हीटरला होल्डर चिनी मातीचाच लावा, प्लास्टिकचा वितळतो. साखळीने टांगा, चिमट्यावर भरवसा ठेवू नका, कारण चिमटा सुटून हीटर भुशात पडला तर आग लागेल. पोटाखाली लावायची गरम चटईही नको. कासवाला ऊब वरून, सूर्याकडून घ्यायची सवय. पोट भाजत असलं तरी ते वेळेत तिथून उठत नाही.

राहिली वीज. पावसात ती जाते, आणि नेमकी रात्री जाते. आमच्या पंचक्रोशीत एका रात्री नऊ तास नव्हती. हीटर तेव्हापासून इन्व्हर्टरवर आहे, हॅलोजन नाहीत. 150 अँपिअर-अवरची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर पंखा-दिव्यांचा भार कमी ठेवून रात्र निघते. तेही नसेल तर पेटीवर जुनी गोधडी टाका, हवेची भोकं उघडी ठेवून, आणि आत कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या. दर तीन तासांनी पाणी बदला. हीटर विजेविना असला तरी गोधडी टाकायच्या आधी त्याचं बटण बंद करा, वीज परत आली की तो तापतो.

भुसा आणि बुरशी

खाली काय घालायचं? वर्तमानपत्र घसरतं, वाळू पोटात जाऊन साचते, लाकडाच्या भुशाच्या वासाने नाक चुरचुरतं. गोव्यात राहून नारळ सोडून दुसरीकडे बघायचं कारणच नाही. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, कोकोपीट आणि औषध न मारलेली बागेतली माती, निम्मी निम्मी, दहा सेंटिमीटर जाडीचा थर. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून धुऊन घट्ट पिळून घ्या, काही विटांमध्ये खारटपणा असतो.

पण पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी, हे गाऱ्हाणं सगळ्यांचंच. कारण आपण वरून फवारतो. वरचा थर सतत ओला, पोट सतत ओलं, मग पोटाकडच्या कवचावर पांढरे किंवा गुलाबी मऊ डाग आणि कुबट वास. ती कवच कुजण्याची सुरुवात असते. फवारणी बंद करा. आठवड्यातून एकदा चारही कोपऱ्यांत पेलाभर कोमट पाणी हळूच ओता, ते खालच्या थरात उतरतं. वरचं बोटभर कोरडं, खाली ओलसर. मूठभर माती खालून काढून दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही तेही पाणी घालत नाही, हवेतलीच ओल पुरते. उरलेली पानं संध्याकाळी उचलायची, शी दिसली की लगेच, आणि आठवड्याला एकदा सगळा थर खालीवर करायचा. मातीत पांढरे, बारीक, उड्या मारणारे किडे दिसले तर घाबरू नका. ते बुरशी खातात, कासवाला काही करत नाहीत.

दगडू झोपतो ती जागा मात्र वेगळी राखली आहे. उलटं ठेवलेलं, एका बाजूने कापलेलं प्लास्टिकचं घमेलं, त्यात आतून थोडा ओलसर भुसा, आणि हे घमेलं उबदार टोकाला. पूर्वी ते गार टोकाला होतं. त्याला बिळाची ओल आवडते म्हणून तो तिथेच जाणार, मग ते बीळ गार ठेवून कसं चालेल? एवढ्या एका बदलाने पहाटेची पाठ 24.5 वरून 27 वर आली.

मुंग्यांसाठी जुना उपाय आहे. पाऊस लागला की त्या घरात शिरतात आणि कासवाचे डोळे, शेपटीखालची कातडी चावतात. खडू, फवारे पेटीजवळ आणू नका. आजीच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, आठवतं? आमच्या पेटीचे चारही पाय तशाच वाट्यांत आहेत. पाण्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे डास अंडी घालत नाहीत.

खाणं आणि अंघोळ थोडक्यात

गवत हा मुख्य आहार. दुर्वा, पोरसातलं साधं गवत, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, शेवग्याचा पाला थोडा. फळं, भात, पोळी, पाव, बिस्किट काही नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेन. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर माणक्यांची (माकुळांची) ती पांढरी, हलकी हाडं फुकट सापडतात. आठवडाभर गोड्या पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून पेटीत ठेवली की तो स्वतःच कुरतडतो. पिल्लाला दिवसाआड कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. मग पूर्ण पुसा, काखांमध्येसुद्धा, आणि थेट दिव्याखाली ठेवा. ओलं कासव पंख्याखाली ठेवलं की आपणच बुडबुडा बोलावला. प्रत्येक वेळी आपले हात साबणाने धुवा, मुलांचेही, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

फरक पडला हे कसं कळतं

नाक कोरडं झालं म्हणून लगेच खूश होऊ नका, ते इंजेक्शनानेही होतं. तीन गोष्टी बघा. सकाळी दिवे लागल्यावर किती वेळात तो स्वतःहून बाहेर येतो : आमच्याकडे दीड तासावरून वीस मिनिटांवर आलं. दर रविवारी वजन करा आणि वहीत लिहा, कारण आजार डोळ्यांना दिसायच्या आधी वजन थबकतं. आणि पहाटेचा आकडा, निदान महिनाभर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान 20 पर्यंत उतरतं, तेव्हा हीच तपासणी पुन्हा करा. तेव्हा गारठा तोच असतो, पण हवा कोरडी असते, म्हणून कोपऱ्यांतलं पाणी तेवढं वाढवायचं.

या पेटीत दगडूने दोन पावसाळे काढले, एकही इंजेक्शन न घेता. माटोळी आता पेटी जिथे आहे ती खोली सोडून पुढच्या सोप्यात बांधतो. आईनेच तसं ठरवलं, भटजींना विचारूनही आली. त्याची पाठ आता वीतभर झाली आहे आणि सहा फूट त्याला पुरेनासे झालेत. या जातीचा नर 50 किलोच्या आसपास जातो आणि माणसाएवढं जगतो. म्हणून पाऊस संपला की पोरसाच्या कोपऱ्यात चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची एक खोली उभी करायची आहे. मेस्ताला मापं दिली आहेत, आणि हवेची भोकं कुठे पाडायची ते भिंतीवर कोळशाने काढून दाखवलंय.